कमरेचं माप

"सर, तुम्ही पेपरात लिहिता. एवढं एक सांगा. रिव्हॉल्वर घेऊ का पिस्टल?"

लातूरच्या गंजगोलाईत भर दुपारी अण्णांनी हे अशा आवाजात विचारलं की समोर शेंगदाणे तोलणारा माणूस तराजू तसाच धरून थांबला. अण्णा आमचे प्लॉटिंगवाले. धंदा लातूरच्या रिंग रोडला, शेती औशाकडं, लेक दिली नांदेडला. चाकूर, अहमदपूर, लोहा या रस्त्यानं आठवड्यातून दोनदा त्यांची पांढरी गाडी धावते आणि वाटेतल्या प्रत्येक फलकावरच्या 'भावी' माणसाला ते तोंडओळखीनं ओळखतात.

"अण्णा, तुम्हाला धोका कुणाचा आहे?"

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेच शोधायलोय."

त्यांचं बरोबर होतं. परवान्याचा अर्ज ए-1 नमुन्यात भरायचा, लातूर-नांदेडला पोलीस आयुक्तालय नाही म्हणून तो जिल्हाधिकाऱ्यांकडं द्यायचा, मग पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार हाताळायच्या प्रशिक्षणाचा कागद. हे सगळं पैसे आणि चिकाटी असली की जमतं. अडतं ते एकाच रकान्यात: शस्त्र कशासाठी हवं? तिथं 'शोभेसाठी' लिहिता येत नाही. जिवाला धोका लागतो, आणि तो बाजारात किलोवर मिळत नाही. धमकीचा एखादा फोन आला तर माणूस पूर्वी घाबरायचा. आता तो फोन रेकॉर्ड करतो, तीन प्रती काढतो आणि अर्जाला जोडतो. ज्यांना कुणीच धमकी देत नाही त्यांची फार कुचंबणा होते. पुण्यात वारज्याला मे 2025 मध्ये एका राजकीय कार्यकर्त्याच्या मोटारीवर गोळीबार झाला; तो त्यानंच घडवून आणलेला बनाव होता असं पोलिसांच्या तपासात निघालं. आत्मनिर्भरतेचं इतकं चोख उदाहरण दुसरं नाही.

अण्णांना कायद्यातलं एक कलम मात्र अजिबात पटलं नाही. शस्त्र अधिनियम 1959, कलम 14, पोटकलम 2: केवळ पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं. "म्हंजे ज्याच्याकडं काहीच नाही त्यालाबी मिळतं? मग आमी एवढे प्लॉट कशाला पाडले?"

शेजारच्या बीडमध्ये ही अडचण फारशी कुणाला आली नसावी. एका सरपंचाच्या खुनानंतर, डिसेंबर 2024 मध्ये, जिल्ह्याचा हिशोब लोकांनी उघडला तेव्हा बाराशेहून जास्त परवाने निघाले. मग शंभरावर रद्दही झाले. माझा त्यातल्या आकड्यापेक्षा गणितावर आक्षेप आहे. बाराशे लोकांच्या जिवाला धोका असेल, तर तो देणारी माणसं किती असतील? आणि त्यांच्यातल्या किती जणांनी 'धोका आहे' म्हणून अर्ज केला असेल?

असो. निवडीचं बोलू. अण्णांनी मोबाईलवर एक काळं, रुंद नळीचं यंत्र दाखवलं. "असलं पायजे." ते नऊ एमएमचं होतं. म्हटलं, अण्णा, हा बोअर प्रतिबंधित. सिनेमातला हिरो जे वापरतो ते तुम्हाला मिळत नाही. सामान्य नागरिकाच्या वाट्याला येतो तो .32 बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं रिव्हॉल्वर, सहा गोळ्यांचं. किंवा इशापूरचं 'अशनी' पिस्टल. गोळी आपल्या खडकीची, म्हणजे कारखाना 1869 पासूनचा, पुणेरी. 2014 साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' निघालं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, दागिन्यासारखं मखमली पेटीत ठेवलेलं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. त्या काळी तेवढ्यात चार तोळे सोनं येत होतं. आता ज्या बाईवर रस्त्यात प्रसंग ओढवतो तिच्याकडं चार तोळे असतात का, हा प्रश्न पेटी शिवणाऱ्याला पडला नसावा. 2023 मध्ये 'प्रबल' आलं, बाजूला उघडणाऱ्या चक्रीचं, 700 ग्रॅम, पल्ला 50 मीटर सांगतात.

"पन्नास मीटर म्हंजे?"

"तुमचे तीन प्लॉट आणि मधला रस्ता."

"मग इलायती बघा की."

विलायती हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाली. कुणा जुन्या जहागीरदाराच्या घरचं, चकाकी गेलेलं, आजोबांच्या वयाचं रिव्हॉल्वर आज अशा भावात जातं की त्यात नवी मोटार यावी. अण्णांना हे लगेच पटलं. जुनी आणि महाग वस्तू खानदानी असते. त्यांनी विचारलं फक्त एवढंच: ते चालतं का? आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "चालायचं काय काम आहे म्हणा."

इथं मला पहिल्यांदा कळलं की मी चुकीच्या माणसाला सल्ला देत नाही, चुकीचा सल्ला देतोय. मी बोअर, वजन, पल्ला सांगत होतो. या वस्तूचा खरा जाणकार दुसराच होता. तो औसा रोडला दुसऱ्या मजल्यावर बसतो आणि शर्ट शिवतो.

अण्णांनी मला तिथंही नेलं. टेलरनं गळ्यातली टेप काढली, छाती घेतली, बाही घेतली, आणि कमरेपाशी येऊन, वर न बघता, ज्या सुरात 'बटन का हूक' विचारतात त्या सुरात विचारलं, "उजवीकडं का डावीकडं?"

"उजवीकडं."

"चक्रीचं का चपटं?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. बघा, म्हणजे हा प्रश्न आहे. टेलरनं समजावून सांगितलं. चक्रीचं असलं की फुगवटा गोल येतो, लोकांना वाटतं गाठ आहे, डॉक्टरला दाखवा म्हणतात. चपटं अंगाला बसतं पण दिसत नाही. पाऊण किलो एका बाजूला लटकलं की पँट घसरते, म्हणून आतून दुहेरी पट्टी द्यावी लागते. तिचे शंभर वेगळे. आणि मुख्य म्हणजे शर्टाची लांबी. शस्त्र नियम 2016 म्हणतात की सार्वजनिक ठिकाणी हत्यार कव्हरात, झाकलेलं असावं, परजू नये. टेलरला नियमाचा क्रमांक माहीत नव्हता. पण त्यावरचा तोडगा माहीत होता. "उभं राहिलं की झाकलेलं पायजे. नमस्काराला वाकलं की दिसलं पायजे. दीड इंच कमी करतो."

कायदा पाळून समाजाची गरज भागवणारं इतकं नेमकं माप मी कुठल्याच समितीच्या अहवालात पाहिलेलं नाही.

भीती खोटी आहे, असं मी म्हणत नाही. जून 2018 मध्ये याच लातुरात एका खासगी शिकवणीच्या संचालकाला रात्री गोळ्या घातल्या, आणि पोलिसांच्या तपासात क्लासच्या धंद्यातलं वैर पुढं आलं. ज्या ट्यूशन एरियात पोरं 'लातूर पॅटर्न'नं डॉक्टर व्हायला येतात, तिथं शिकवणारे अंगरक्षक घेऊन फिरताना दिसायला लागले. 5 एप्रिल 2022 ला नांदेडमध्ये एक बांधकाम व्यावसायिक सकाळी आपल्याच घरासमोर मोटारीतून उतरला आणि दुचाकीवरून आलेल्या दोघांनी त्याला गोळ्या घातल्या. सीसीटीव्हीत ते सगळं काही सेकंदांत संपतं. पाहणाऱ्यानं स्वतःशी एकदा मोजून बघावं: तेवढ्या वेळात शर्ट वर करायचा, कव्हरचं बटन उघडायचं आणि कुठल्या हातातली फाईल कुठं ठेवायची. भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 अशी अकरा कलमं खासगी बचावाची आहेत; गरजेपेक्षा जास्त इजा करू नका, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर ती घ्या, असं त्यांत बजावलंय. अकरा कलमं वाचायला वीस मिनिटं लागतात. मारेकऱ्याला तेवढी घाई नसावी, अशी संहितेची अपेक्षा दिसते.

बिनपरवान्याच्या मंडळींचा धंदा वेगळा. त्यांचा माल मध्य प्रदेशातल्या उमर्टीकडून येतो, असं बातम्यांत वाचायला मिळतं, आणि त्या बातम्यांची भाषाही ठरलेली: गुप्त बातमीदार, सापळा, एक गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे. (मराठवाड्याच्या बातमीत जिवंत हे विशेषण काडतूस आणि नाला या दोघांनाच मिळतं. नाला मात्र एप्रिलपर्यंतच.) पकडलं जाण्याचं कारण बहुतेक वेळा तेच: पोरानं स्टेटस ठेवलं. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच, अशी शिक्षा असलेला गुन्हा लपून करायचा असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. खंडेनवमीला आमच्या आईनं विळा, खुरपं, पाट्याचा वरवंटा आणि वडलांची सायकल यांना हळदकुंकू लावलेलं मी पाहिलंय. आता त्याच पाटावर कट्टा मांडून फोटो टाकतात, आणि दसऱ्याचं सोनं लुटायच्या आत ठाण्यातून बोलावणं येतं.

लेकीकडच्या एका लग्नात, लोह्याच्या अलीकडच्या मंगल कार्यालयात, अण्णा अखेर हत्यारासह पाहिले. रिव्हॉल्वरच घेतलं होतं, कानपूरचं. स्टेजवर वधूवरांना आशीर्वाद द्यायला वाकले आणि टेलरचा दीड इंच कामी आला. फोटोग्राफर म्हणाला, "अण्णा, परत एकदा वाका." अण्णा परत वाकले. कुणीतरी हवेत बार काढा म्हणालं, तेव्हा मात्र ते गंभीर झाले. 2019 च्या दुरुस्तीनं आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड आहे, हे त्यांना पाठ होतं. शिवाय गोळी महाग.

त्याच आठवड्यात थ्री फेजची लाईट रात्री होती. दीड वाजता मोटार चालू करायला शेतावर जायचं, तर अण्णांनी मलाही बरोबर घेतलं. हरभऱ्यात रानडुकरं शिरलेली, बांधावर सापाची भीती. अण्णांच्या एका हातात बॅटरी, दुसऱ्यात वेळूची काठी. पुढं चालताना ते काठी आपटत होते, मधूनच "हाऽऽ" करत होते.

मी विचारलं, "आणि ते?"

"कपाटात हाय. दवात नेलं की गंजतंय."

किनवट-माहूरकडचे शेतकरी डुकरांच्या भीतीनं माळ्यावर रात्र काढतात आणि पत्र्याचे डबे वाजवतात. पीक राखायला तोंडातून ठासायच्या बंदुकीची तरतूद कायद्यात आहे. तिला फक्त कमरेला लावता येत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी शर्ट शिवत नाही.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता आली की छाननी समिती बसते आणि कुणाची हत्यारं ठाण्यात जमा करायची ते ठरवते. यादीत अण्णांचं नाव आलं. माणसाला खरे शत्रू भेटतात ते याच दिवसांत, आणि नेमकं तेव्हाच सरकार हत्यार मागतं, म्हणून ते दोन दिवस रागात होते. तिसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन जमा केलं आणि पावती घेतली. पावती शर्टाच्या जाळीदार खिशात ठेवली, अक्षरं बाहेरच्या बाजूनं.

प्रचारात परवा भेटले, नांदेडला हिंगोली गेटजवळ. शर्ट तोच, दीड इंच कमीचा. कव्हरही कमरेला तसंच, भरलेलं. मी पाहत राहिलो तसं त्यांनी बाजूला घेऊन बटन उघडून दाखवलं. आत मोबाईलची पॉवर बँक होती.

"वजन सारखंच आहे," अण्णा म्हणाले. "अन् सर, ही चालती पण."