मेमरी कार्ड फॉरमॅट करणे : नवशिक्यांसाठी

प्रथम कार्ड सापडले पाहिजे. आजकालचे कार्ड नखाएवढे असते, तेव्हा धुवायला टाकलेल्या शर्टाचा खिसा आधी तपासावा. ते थेट संगणकात बसत नाही; त्याला अडॅप्टर लागतो आणि तो शेजाऱ्यांनी नेलेला असतो. अडॅप्टरच्या कडेला एक इवलीशी खिटी असते. ती 'लॉक'कडे सरकली असेल तर संगणक 'राइट प्रोटेक्टेड' असा ओरडतो आणि घरातले जाणकार 'व्हायरस' असे निदान करतात. खिटी उलट सरकवावी. व्हायरस जातो.

आता 'धिस पीसी' उघडावे. सी ड्राइव्हची काळजी नको, चालू विंडोज त्याला हात लावू देत नाही. मात्र मेहुण्याच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवलेली हार्ड डिस्क ते बिनतक्रार पुसू देते. म्हणून कार्ड एकदा काढून पाहावे. जे अक्षर गायब होते, ते आपले. ६४ जीबीच्या कार्डावर ५९च दिसतात म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. दोघेही आपापल्या जागी बरोबर, तुमचे पैसे गेलेले.

कार्ड परत घालून त्या अक्षरावर राइट क्लिक, फॉरमॅट. येथे 'फॅट३२' की 'एक्सफॅट' असा पेच पडतो. फॅट३२मध्ये ४ जीबीची फाइल मावत नाही, आणि कार्ड ३२ जीबीहून मोठे असेल तर ही खिडकी तो पर्यायच दाखवत नाही. ही खिडकी आपण १९९०च्या दशकात तात्पुरती म्हणून लिहिली आणि ३२चा आकडाही आपणच ठरवला, असे मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे अभियंता डेव्ह प्लमर सांगतात. तात्पुरती सोय फक्त सरकारी कचेरीतच मुक्काम ठोकते असे नाही.

'क्विक फॉरमॅट'ची खूण आधीच केलेली असते. ती पुस्तकाची अनुक्रमणिका तेवढी फाडते, पाने जागच्या जागी. चुकून पुसलेले फोटो त्यामुळेच परत मिळू शकतात. फक्त त्या कार्डावर नवे काही भरू नये. कार्ड विकायचे असेल तर मात्र खूण काढावी, नाहीतर तुमची गोव्याची सहल घेणाऱ्याच्याही घरी पोचेल. खूण काढल्यावर वेळ लागतो. चहा ठेवावा.

शेवटी कार्ड कॅमेऱ्यात घालावे. तो बहुधा म्हणेल, फॉरमॅट करा. तिथे हे काम चार बटणांत होते, आणि कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे असे त्याच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलेही असते. पुस्तिका खोक्यात आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीतून न काढलेली.