फिरतीवरचे यंत्र

भिवंडीत थरथरणाऱ्या यंत्राचे कुणाला अप्रूप नाही. खालच्या कारखान्यात यंत्रमागाचा धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे धावतो, वरच्या घरात फडताळातली भांडी किणकिणतात आणि त्या खडखडाटात मुले गाढ झोपतात. झोप मोडते ती वीज गेल्यावर. अशा गावात न्हाणीघरातले वॉशिंग मशीन वीतभर सरकले, की मात्र अख्खे घर धावून येते. कुणी त्याला मिठी मारते, कुणी थेट वर चढून बसते.

त्या बिचाऱ्याची बाजू कुणी ऐकून घेत नाही. मागाचे पाय बोल्टांनी जमिनीला आवळलेले असतात, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचे त्यावर लक्ष असते. मशीनला आपण चार पायांवर मोकळे सोडतो, तेही मोरीत! पाणी जाळीकडे जावे म्हणून गवंड्याने तिथे मुद्दाम ढाळ दिलेला; मशीन तो इमानाने पाळते. त्यात आपण एकटीच सोलापुरी चादर आत टाकतो. भिजून तिचा गोळा होतो, तो ड्रमच्या एका कडेला चिकटतो आणि पिळताना मिनिटाला सातशे फेऱ्यांच्या वेगात सगळे धूड हलवतो. समोरून दार असलेल्या मशीनच्या पोटात तर स्थिर राहावे म्हणून बहुधा काँक्रीटचे ठोकळेच बसवलेले असतात. एवढे पैसे मोजून आपण थोडे बांधकामही घरी आणतो, हे दुकानदार सांगत नाही. अशा मशीनच्या पाठीचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले, तर पहिल्याच धुण्याला तांडव. काढलेले बोल्ट जपून ठेवावेत, घर बदलताना लागतात.

पायाखाली पुठ्ठ्याची घडी हा आपला राष्ट्रीय उपाय. दोन धुण्यांत तिचा लगदा होतो. चाकांचे स्टँड त्याहून थोर: पळणाऱ्याला चाके! त्यापेक्षा गवंड्याची पाणसळ मागून आणावी, मशीनच्या डोक्यावर आडवी-उभी ठेवावी आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत पाय फिरवावेत. समोरासमोरचे कोपरे दाबून पाहावेत. डुगडुगणे थांबले की पायावरचा चेकनट घट्ट आवळावा, नाहीतर हादऱ्यांनी पाय पुन्हा सैल होतात.

आणि चादरीला सोबत म्हणून दोन टॉवेल टाका. पिळणी चालू असताना मशीनवर कुणाला बसवू नका. पाहुण्यांना तर नकोच.