कन्फर्मताई

घरात पहिली ते चौथीतलं पोर असेल, तर ही बाई तुमच्याही फोनमध्ये आहे. वर्गाच्या पालक-ग्रुपवर टीचरची सूचना पडली की ती अर्ध्या मिनिटात उगवते आणि विचारते, ‘कन्फर्म ना?’ आमच्या ग्रुपवरचीला मी कन्फर्मताई म्हणतो. अर्थात बायकोसमोरच.

एरवी ताई सुसह्य असतात. डिसेंबर लागला की त्यांना ऊत येतो. शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे नाताळ म्हणजे आमच्याकडे दुसरं स्नेहसंमेलनच. टीचरनी लिहिलं, ‘गुरुवारी मुलांनी लाल किंवा पांढऱ्या कपड्यांत यावे.’ यात विचारण्यासारखं काय आहे? ताईंना सापडलं. ‘मरून चालेल का? कन्फर्म करा.’ कुणीतरी भाबडेपणाने ‘चालेल’ म्हणालं. ‘हे तुम्ही म्हणताय की टीचर म्हणाल्या?’ मग एका वडिलांनी मुलाचा लक्ष्मीपूजनातला झब्बा पलंगावर पसरून फोटो टाकला. तो मरून, डाळिंबी की राणी, यावर रात्री अकरापर्यंत खल चालला. तीन आयांनी आपापल्या नणंदांची मतं मागवली.

सीक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघाल्या. भेटवस्तू 50 रुपयांच्या आत. ‘रॅपिंग पेपर 50 मध्येच धरायचा की वरून? कन्फर्म करा.’ थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, म्हणून देखाव्यातला बर्फ कापसाचा. ‘कापूस मेडिकलमधला की गादीवाल्याकडचा?’ केक आणायचं ठरलं आणि पार्टी नेमकी मार्गशीर्षातल्या गुरुवारी! निम्म्या घरांत घट बसलेले. ताईंनी बेकरीतूनच फोटो टाकला: ‘बिनअंड्याचा आहे. दुकानदाराकडून दोनदा कन्फर्म केलंय.’ मागे काउंटरवर दुकानदार दिसत होता. त्याचा चेहरा मला अगदी ओळखीचा वाटला.

पण कळस झाला तो गोठ्याच्या नाटुकल्यात. बेथलेहेमच्या गोठ्यात मरिया, योसेफ, तीन राजे, मेंढपाळ आणि उरलेला अख्खा वर्ग मेंढ्या. ताईंचे चिरंजीव तिसरी मेंढी.

‘मेंढीला संवाद नाहीत, कन्फर्म ना?’

‘नाहीत,’ टीचर.

‘बें पण नाही?’

आमच्या टीचर वसईच्या. नाताळ हा त्यांच्या घरचा सण. त्यांच्याकडे त्या दिवसांत कढई चुलीवरून उतरत नाही. तरी त्यांनी शांतपणे लिहिलं, ‘बें सगळ्यांनी मिळून.’ त्यावर ताई : ‘एकदा की दोनदा?’ मी फोन सोफ्याच्या उशीखाली खुपसला.

सुट्टीचं गणितही ताईंनीच मांडलं. वर्षभराच्या सुट्ट्या 76 दिवसांवर जाता कामा नयेत, दिवाळीची किंवा उन्हाळ्याची कापून नाताळला देता येते, हे शिक्षण खात्याचं परिपत्रक त्यांनी सगळ्यांना पाठवलं आणि खाली विचारलं, ‘म्हणजे दिवाळीत आपले चार दिवस गेले ते हेच ना?’ माझा भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहे. त्यांच्याकडे 24 डिसेंबरला साने गुरुजींची जयंती, 25 ला एक सुट्टी आणि 26 ला पुन्हा पाढे. विचारायला कोणी नाही. मला त्याचा हेवा वाटतो.

गुरुवारी मुलीला सोडायला गेलो तर ताई फाटकाशी. खांद्याला पिशवी, तिच्यात सेफ्टी पिना, फेविकॉल, दोन जादा लाल टोप्या. एका आजीबाईंच्या नातवाच्या पाठीवर त्या मेंढीचा कापूस चिकटवत होत्या. आजी म्हणत होत्या, ‘रात्री तुझा फोन आला तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला गं.’

ताई आत गेल्यावर वॉचमनकाकांनी सांगितलं. गेल्या वर्षी हे पोर देवदूत होतं. हँगरच्या तारा वाकवून आजींनी पंख केले, त्यांवर जुन्या धोतराचं कापड शिवलं आणि सकाळी सातला त्याला चालत घेऊन आल्या. फाटक बंद. कार्यक्रम एक दिवस पुढे ढकलल्याची सूचना ग्रुपवर रात्री साडेदहाला पडली होती. आजींचा फोन बटणांचा. पोरगं पंख लावून पायरीवर बसलं, उठेना. त्या दिवशी ताई मुलाचा आदल्या दिवशी विसरलेला डबा न्यायला शाळेच्या ऑफिसात आल्या होत्या. त्यांनी त्या दोघांना रिक्षाने घरी सोडलं. तेव्हापासून रोज रात्री नऊला त्या आजींना फोन करून सगळं तोंडी सांगतात. ‘एक शब्द चुकला तर म्हातारीला उगाच हेलपाटा,’ असं म्हणतात म्हणे.

म्हणजे मेडिकलचा कापूस की गादीवाल्याचा, हे आजींना सांगायचं होतं. मरूनचंही तेच असावं. बें एकदा की दोनदा, हे मात्र माझ्या मते निव्वळ हौसेखातर होतं आणि त्यावर मी ठाम आहे.

सुट्टीतही ग्रुप थंड नव्हता. 3 जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती, मुलींनी नऊवारीत यायचं. ‘शिवलेली चालेल का? कन्फर्म करा.’ मी उत्तर दिलं नाही, पण फोन उशीखालीही घातला नाही.

यंदा पोरं चौथीत. पाचवीला तुकड्या मोडतात, नवे ग्रुप होतात. आमच्या तुकडीच्या ग्रुपची अ‍ॅडमिन म्हणून बायकोने ताईंचं नाव सुचवलंय आणि माझा पाठिंबा आहे. शाळेने तेवढं रात्री नऊनंतर वेळापत्रक बदलू नये. हा अर्ज मी लेखी देणार आहे आणि तो मिळाल्याची पोचही मागणार आहे.