मोटर वाढवली!

आमच्या सोसायटीची वरची टाकी रोज पहाटे भरून वाहते आणि खाली लावलेल्या गाड्या फुकटात धुतल्या जातात. तक्रार अर्थातच ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांची. सर्वसाधारण सभेत ठरलं, की वॉचमनकाकांच्या झोपेवर विसंबण्यापेक्षा मोटर आपोआप बंद व्हावी. "तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?" म्हणत ते काम माझ्या गळ्यात पडलं. डॉक्टर आणि कॉम्प्युटरवाला यांना सोसायटीत निवृत्ती नसते.

रविवारी मेहुणा आणि त्याची लेक जेवायला आले. मेहुणा गाड्यांच्या ब्रेकसाठी सीमध्ये कोड लिहितो. लेक बंगळूरला पायथनवर पोट भरते. मी ८०५१ घराण्यातल्या चिपवर असेंब्लीत आयुष्य काढलेलं. म्हणजे एका घरात तीन धर्म, आणि पानात अळूचं फदफदं.

"भाऊजी, सीच," मेहुण्यानं घास घेण्याआधी निकाल दिला. "हार्डवेअरशी थेट बोलता येतं. पायथन म्हणजे मध्ये दहा दुभाषे."

"बाबा, मायक्रोपायथन आतून सीमध्येच लिहिलाय," लेक म्हणाली.

"बघा! शेवटी सीच!"

"हो ना. मग तुम्ही कशाला पुन्हा लिहिताय? एकदा लिहून झालंय."

मी खाकरून माझ्या काळात शिरलो. आमच्या चिपमध्ये रॅम अवघी १२८ बाइट. कोड चुकला की चिपवरच्या काचेच्या खिडकीतून अतिनील दिव्यानं वीस मिनिटं शेकून सगळं पुसायचं आणि पुन्हा भरायचं. एकेका चुकीमागे एक चहा होत असल्यानं आम्ही विचार करून चुकायचो. लेकीनं पर्समधून पिको नावाचा बोटाएवढा बोर्ड काढून ताटाशेजारी ठेवला. त्याला २६४ किलोबाइट रॅम! माझ्यापेक्षा दोन हजार पटींहून जास्त, आणि टाकीला विचारायचं काय, तर "भरलीस का गं?"

मेहुणा स्वतःला तळमजल्यावरचा समजतो, याची मला जुनी गंमत वाटते. १९७३ साली युनिक्सचा गाभा असेंब्लीतून सीमध्ये आणला, तो बदल यंत्र बदललं की सगळं नव्यानं लिहावं लागू नये म्हणूनही उपयोगी पडला. आज ज्याच्या नावानं मेहुणा छाती काढतो, ती सी त्या काळी आळशांची सोयच होती. त्याही आधी, १९५७ साली फोरट्रान आली, तेव्हा हातानं कोड लिहिणाऱ्यांना खात्री होती की कंपायलरला आपल्याइतकं चोख जमणार नाही. आमच्या इमारतीत तरी वेगळं काय आहे? तिसऱ्या मजल्यावर पाणी नळातून येतं, पहिल्यावर टाकीतून, आणि वॉचमनकाकांच्या मते टँकरवाल्याच्या मर्जीतून.

"हार्डवेअर ॲब्स्ट्रॅक्शन म्हणजे नक्की काय हो?" हिनं भात वाढता वाढता विचारलं.

परिभाषेतल्या 'अमूर्तीकरण' या शब्दानं भात गार झाला असता. म्हणून म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"म्हणजे तुमचा पगार," ही म्हणाली आणि आमटी आणायला गेली.

निकाल तत्त्वावर लागलाच नाही. बोर्ड लेकीच्या पर्समध्ये होता, म्हणून पायथन जिंकला. संध्याकाळी वरच्या टाकीत फ्लोट सोडला, खाली स्टार्टरपाशी रिले बसवला. लेकीनं लॅपटॉपवरून हुकूम सोडला: 'ऑफ'. मोटर धडधडत चालू झाली.

बाजारातली बरीच स्वस्त रिले बोर्डं शून्य दिलं की चालू होतात आणि एक दिलं की बंद. याला ॲक्टिव्ह लो म्हणतात. लेक गोंधळली. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आपण दुकान 'वाढवतो' तेव्हा ते बंद करतो. बांगडी 'वाढते' ती फुटलेली असते. नारळ वाढवतो, दिवा वाढवतो, आणि निघताना चक्क "येतो" म्हणतो. आपली मराठीच मुळात ॲक्टिव्ह लो! ते बोर्ड बनवणाऱ्याची आजी सदाशिव पेठेतली असावी.

उपाय दोन होते. कोडमध्ये एक ओळ उलटी करायची, नाहीतर रिलेवरची वायर एनओवरून (एरवी उघडा) काढून एनसीवर (एरवी बंद) लावायची. मेहुणा म्हणाला कोडमध्ये, मी म्हटलं वायरमध्ये. वाद जिन्यापर्यंत चालला आणि तिथं चपला घालता घालता तहकूब झाला. निदान मला तसं वाटलं.

रात्री दहाला मी गुपचूप खाली गेलो, मेन पाडला, वायर बदलली, मेन टाकला. मोटर गुरगुरली. टाकीला तहान लागली असणार, असं मनाशी म्हणून समाधानानं झोपलो.

लेकीनं निघण्यापूर्वीच ती ओळ उलटी केली होती, हे पहाटे पाचला फोनवर कळलं. तिनं एकदा सुधारलं, मी एकदा सुधारलं. दोन सुधारणा मिळून मूळची चूक ठणठणीत. वरची टाकी रात्रभर ओसंडत होती, खालची रिकामी झाली होती, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू माझं नाव घेत होत्या.

"काका, प्रत्येक ॲब्स्ट्रॅक्शन थोडं गळतंच," लेक फोनवर म्हणाली. "जोएल स्पॉल्स्कीनं २००२ मध्येच लिहून ठेवलंय."

"थोडं?" पँट गुडघ्यापर्यंत दुमडून जिन्यात उभा राहिलो होतो मी.

मेहुणा स्कूटरवरून धावत आला. आल्या आल्या म्हणाला, फ्लोटच उलटा करू, म्हणजे तीन होतील आणि सुटेल. हिशेब बरोबर होता, हेच जास्त भीतीदायक होतं. तोवर वॉचमनकाकांनी मेन पाडून पिठाच्या खोक्याचा पुठ्ठा स्टार्टरला दोरीनं बांधला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं: 'येथे कोणीही दुरुस्ती करू नये.'

ही बादली घेऊन मागं उभी होती. पुठ्ठा वाचून माझ्याकडे बघत म्हणाली, "ही भाषा तरी येते ना?"