साडेबारा टक्के रणांगण

उरणच्या माणसाकडे जमीन मागितली की तो आधी विचारतो, "बदल्यात काय?" हा त्याचा स्वभाव नव्हे, अनुभव आहे. सत्तरच्या दशकात नवी मुंबईसाठी शेतं गेली. १९८४ साली दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासईच्या परिसरात पाच शेतकरी हुतात्मे झाले, तेव्हा कुठे पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं. दरम्यान १९८९ साली न्हावा-शेव्याला बंदरही सुरू झालं. तलवारबाजीचा व्हिडिओ गेम खेळण्यासाठी मी घरात आख्खा हॉल मागितला, तो कोणत्या तालुक्यात मागितला, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं.

गेमचं नाव 'द लेजेंड ऑफ झेल्डा : स्कायवर्ड स्वोर्ड'. २०११ साली तो निन्टेन्डोच्या वी या यंत्रावर आला आणि २०२१ साली स्विचवर नव्या रूपात. भावोजी जहाजावर असतात, त्यांनी तो भाच्यासाठी आणला होता. भाच्याचं दहावीचं वर्ष लागलं आणि ताईने तो जप्तीचा माल म्हणून माझ्याकडे ठेवायला दिला. उजव्या हातातला कंट्रोलर म्हणजे तलवार, डाव्या हातातला म्हणजे ढाल. आतला जायरोस्कोप मनगटाचं वळणं मोजतो आणि पडद्यावरची तलवार तशी वळते. आडवा, उभा, तिरका, भोसकण्याचा, प्रत्येक वार वेगळा मोजला जातो.

तलवार म्हटली की मोकळं रान हवं. सोफा, टीपॉय आणि शोकेस हलवण्याचा प्रस्ताव मी मांडला. शोकेसमध्ये आईच्या भजनी मंडळाचे करंडक, बायकोच्या काचेच्या बशा आणि शिंपल्यांची एक होडी.

"मंग माझ्या सामानाचं पुनर्वसन कुठं?" आईने विचारलं.

"आधी पुनर्वसन, मग भूसंपादन," बायकोने अनुमोदन दिलं.

घरातले वडीलधारे अण्णा सोफ्यावर पेपर वाचत होते. असल्या बैठकांना बसण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. पेपर खाली न घेता ते म्हणाले, "ताबा देऊ नका. एकदा ताबा दिला की संपलं."

वाटाघाटी जेवणापर्यंत चालल्या. शोकेस स्वयंपाकघरात विस्थापित झालं. सोफा हलला नाही, कारण अण्णा उठले नाहीत. माझ्या वाट्याला टीव्हीसमोरची एक पट्टी आली. साडेबारा टक्केच, पण विकसित म्हणवत नव्हती. डोक्यावर पंखा आणि पायाशी पावसामुळे आत आणलेली सुक्या जवळ्याची सुपं.

गेममध्ये लवकरच 'देकू बाबा' भेटतो. नाव ऐकून आईने हात जोडले, पण ही एक चावरी वनस्पती आहे. ती तोंड कधी आडवं उघडते, कधी उभं, आणि ज्या दिशेने उघडेल त्याच दिशेने वार करायचा. उभं उघडलं की वर पंखा. आडवं उघडलं की बाजूला अण्णा. माझी जमीन तिरक्या वारापुरती होती आणि बाबा तिरकं तोंड उघडायला तयार नव्हता.

त्यात मी तलवार खांद्यापासून फिरवत होतो. मराठी माणसाची तलवारीबद्दलची कल्पना मर्दानी खेळांतल्या दांडपट्ट्यावर पोसलेली असते. पट्ट्यात मनगट लोखंडी खोबळ्यात जखडलेलं असतं, म्हणून वार कोपर आणि खांद्यातून येतो. १६५९ साली प्रतापगडाखाली जिवा महालांनी सय्यद बंडाचा हात तोडला तो पट्ट्यानेच, असं सांगतात. या गेममध्ये उलटा कारभार. जोर घेण्यासाठी हात मागे नेला, तर तोही वारच समजला जातो आणि शत्रू सावध होतो. मनगटाचा झटका पुरतो.

हे मला गिराहिमने शिकवलं. हा पांढऱ्या केसांचा, नखरेल असुर खेळणाऱ्याची तलवार जिकडे असेल तिकडे हात नेतो आणि पातं चक्क दोन बोटांत धरतो. मी वार करायचो, तो धरायचा. शेवटी अण्णांनी पेपर खाली ठेवला.

"ह्याला मी ओळखतो," ते म्हणाले. "आपण जिथं बोट दाखवू, तिथंच हा हात धरणार. डावीकडचं मागतोय असं दाखव आणि उजवीकडनं घाल. आन इकडं."

त्यांनी कंट्रोलर घेतला. सोफ्यावरून न उठता तलवार डावीकडे धरली. गिराहिमचा हात तिकडे गेला. अण्णांनी पान खाताना चुना झटकावा तसं मनगट हलवलं आणि वार उजवीकडून बसला. पुन्हा तेच. मग पुन्हा. असुर हरून अदृश्य झाला.

"म्हणजे जमीन लागतच नव्हती?" स्वयंपाकघरात शोकेसला वळसा घालून ओट्याशी पोचलेल्या बायकोने विचारलं.

"प्रकल्पाला लागते त्यापेक्षा जास्तच मागतात," अण्णा म्हणाले. "हे काय नवीन नाय."

ज्यांना हा गेम घ्यायचा असेल त्यांनी मनगटाची दोरी आधी बांधावी. २००६ साली वीच्या दोऱ्या खेळताखेळता तुटू लागल्या, कंट्रोलर हातातून निसटू लागले आणि निन्टेन्डोला सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून द्यायची तयारी ठेवावी लागली होती. घरच्यांशी जो काही करार कराल, तो लेखी करा. आणि मनगट फिरेल एवढीच जमीन मागा. बाकीची मिळाली तरी शोकेस परत जागेवर आपल्यालाच न्यावं लागतं.