ओलीची वहिवाट

आनेकलला जुनं घर घेतलं म्हटल्यावर इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मराठी मित्रांनी चौरस फुटाचा भाव विचारला. भिंतींची चौकशी कुणी केली नाही. मंगळुरी कौलं, गुळगुळीत तांबडी जमीन, घर देखणं. फक्त पुढच्या खोलीत जमिनीपासून कमरेपर्यंत ओल होती आणि तिची वहिवाट आमच्या खरेदीखताहून जुनी होती.

ओल बघायला येणारा प्रत्येकजण स्वतःच्या पिशवीत औषध असेल तोच रोग सांगतो. रंगवाल्याच्या मते आधीचा रंग हलका. प्लंबर पाइप फुटलाय म्हणाला आणि जिच्यात पाइपच नाही ती भिंत फोडायला निघाला. सुतार म्हणाला, प्लायवूड ठोकू, दिसणारच नाही. (वाळवीचीही सोय झाली असती.) चिपळूणच्या मावशीने फोनवर सगळ्यांनाच निकालात काढलं. "आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो रे! तुमच्या बंगळूरला जेमतेम हजार. त्याला ओल म्हणतात होय?"

दुखणं जोत्यात होतं. दगडमातीच्या जोत्यात ओल अडवणारा थरच नव्हता, त्यामुळे कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावं तसं जमिनीतलं पाणी भिंतीत चढत होतं. पाणी उडून जाई, क्षार मागे राहत. पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून ही वाफ सुखाने बाहेर पडायची. मग कुणा हौशी मालकाने वर सिमेंट थापलं, त्यावर निळा ऑइल पेंट दिला. वाट बंद झाल्यावर पाणी आणखी वर सरकलं. त्यात बाहेरचा रस्ता दर डांबरीकरणाला उंच होत आमच्या उंबऱ्याच्या वर गेलेला. खिळ्याने पोपडा टोकरला की मागून पिठासारखा लोणा भुरुभुरु गळे. आमच्या चिरंजीवांनी तो चाखून "खारट" असा अहवाल दिला. फुकटात झालेली ही एकमेव तपासणी, आणि अचूक.

मेस्त्री मात्र केमिकलवर ठाम. "आगुत्ते सार!" म्हणजे होऊन जाईल साहेब. शेजारच्या अज्जींनी ओट्यावरूनच "सुण्णा", म्हणजे चुना, असा निकाल दिला. तेव्हा सिमेंट खरवडलं, बाहेर चर खणला, चुना आणला. जाड भिंत वाळायला इंचाला महिना, असा एक जुना ठोकताळा आहे. आमची भिंत दीड फुटाची. म्हणजे दीड वर्ष. इथे जून ते सप्टेंबरचा पाऊस आटोपतो न आटोपतो तोच ईशान्येचा हजर होतो, तो हिशेबात धरलेलाच नाही. शहाजीराजांच्या जहागिरीतलं बंगळूर व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तीन लाखांना विकायला काढलं होतं. इतिहासकार कारणं राजकीय देतात. मला भिंतींचा संशय येतो.

वास्तुशांत तेवढी थांबेना. मावशी आली, भिंतीला हात लावून "बरी आहे" म्हणाली आणि तिथेच टेकून बसली. जेवणं होईपर्यंत तिच्यासकट सगळ्या भिंतीकडच्या पंगतीच्या पाठी पांढऱ्या. बायको ओला पंचा घेऊन धावली, तर मावशी म्हणाली, "राहू दे गं, घरच्या माणसाने चुना लावला, त्यात नवल काय!"