मुहूर्त अकरा बावन्नचा

आमच्या सोसायटीतल्या एका सुनेचं सिझर परवा अकरा बावन्नला ठरलं. पावणेबारा नाही, बारा नाही. अकरा बावन्न. श्रद्धा आणि विज्ञान एकत्र नांदतात का, यावर परिसंवाद भरवणाऱ्यांनी एकदा प्रसूतिगृहाच्या बाकड्यावर येऊन बसावं. भूल विज्ञानाची, टाके विज्ञानाचे, वेळ गुरुजींची. कसलं भांडण नाही, तंटा नाही.

अडचण एकच. अकरा बावन्नला नेमकं काय व्हायचं? डोकं दिसायचं, नाळ कापायची, की बाळ रडायचं? गुरुजी म्हणाले, रडणं धरा. आजोबा नाळेवर अडून बसले. मग घड्याळ कुणाचं? थिएटरमधलं तीन मिनिटं मागे. त्यात आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. सूर्याच्या हिशेबाने मुंबई तिच्या सुमारे 39 मिनिटं मागे. गुरुजींच्या सॉफ्टवेअरने तो फरक आधीच धरला होता. आजोबांनी खबरदारी म्हणून पुन्हा एकदा वजा केला आणि सव्वाअकरालाच थिएटरचं दार ठोठावलं. लग्नरास दोनेक तास टिकते हो, पण नवमांश तेरा-चौदा मिनिटांत बदलतो! तेवढ्या फटीत डॉक्टरीणबाईंनी पोट उघडून बाळ काढायचं.

इथवर मीही हसत होतो. पण सिझर याच आठवड्यात का? तर पुढच्या आठवड्यात पितृपक्ष. दिवस भरलेत जेमतेम 37 आठवड्यांचे. कारण नसताना 39 आठवड्यांआधी सिझर करू नये, बाळाला श्वासाचा त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि मग संमतीपत्र पुढे केलं. सही सुनेची, कारण पोट तिचं. वेळ ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. ज्या पितरांचे फोटो माळ्यावर वाळवी खातेय, त्यांच्या पंधरवड्याची एवढी धास्ती? अरे, सटवाईसुद्धा बाळ जन्मून चार-पाच दिवस होईपर्यंत थांबायची. तुम्हाला पोटात असतानाच ललाटलेख हवा!

बाळ अकरा पन्नासला बाहेर आलं. रडलं नाही. नर्स पाठ चोळत राहिली, बाळांचे डॉक्टर धावत आले. रडलं तेव्हा अकरा बावन्न झाले होते.

"बघा, पोरगं मुहूर्ताला थांबलं!" आजोबा बाहेर पेढे वाटत होते.

बाळ सध्या काचेच्या पेटीत आहे. तिथून कधी काढायचं ते विचारायला आजोबा गुरुजींकडे गेलेत.